कातीव प्रश्न, ओबडधोबड उत्तरं

मागच्या अंकात मी आमच्या सामुदायिक कार्यशाळेतल्या लाकडाच्या लेथवर, म्हणजे लाकूड गोल फिरवत ठेवून त्याला हत्याराने आकार द्यायच्या यंत्रावर, दोन पानं लिहिली आणि संपादकांनी शेवटी ‘वाचकांनी प्रश्न पाठवावेत’ अशी एक ओळ घातली. एवढी पत्रं येतील असं त्यांना वाटलं नव्हतं. मला तर नव्हतंच. सगळ्यांना उत्तरं देणं शक्य नाही, म्हणून एकाच दुखण्याची पत्रं एकत्र केली आहेत आणि पत्रलेखकांची नावं गाळली आहेत.

माझ्याबद्दल थोडंसं. एकतीस वर्षं मी लोखंडाच्या लेथवर काढली. लाकडाला हात लावला तो पन्नाशी उलटल्यावर. आता आठवड्यातून दोन संध्याकाळी शिकवतो. उशिरा शिकण्याचा एक फायदा असतो, आपल्या चुका अजून ताज्या असतात. लेथवर लाकूड घडवण्याला मराठीत कातणं म्हणतात आणि ते करणारा तो कातारी. ‘कातीव’ हा आमचाच शब्द, पण आता तो फक्त नायिकांच्या चेहऱ्यासाठी वापरला जातो. असो.

प्रश्न : तीन आठवडे झाले, खुर्चीच्या पायासारखा साधा नमुना करतोय. सगळं नीट चाललेलं असतं आणि एकदम पटाशी धाडकन आत घुसते, लाकडात खोल चर पडतो. परवा तर लाकूड लेथवरून निसटलं. तेव्हापासून मशीन सुरू केलं की छाती धडधडते. माझ्या हातात जोर कमी पडतोय का? (निवृत्त लेखापाल, वय ६१)

जोर कमी नाही, बहुधा जास्तच पडतोय. तुम्ही लिहिलंय त्याला सगळीकडे ‘कॅच’ म्हणतात, आम्ही ‘गचका’ म्हणतो. कातणाऱ्या प्रत्येकाला तो बसलेला असतो. बसला नाही म्हणणारा एक तर खोटं बोलतो किंवा त्याने लेथ सुरूच केलेला नसतो.

मी लोखंडाकडून आलो होतो. तिथे हत्यार टूलपोस्टमध्ये आवळून बसवलेलं असतं आणि चाक फिरवू तेवढंच पुढे सरकतं. लाकडाच्या लेथवर हत्यार धरणारे आपणच. पहिल्या दिवशी मी स्वतःलाच टूलपोस्ट समजलो. दात आवळून, कोपर ताठ करून पटाशी धरली आणि पंधरा मिनिटांत चार गचके खाल्ले. शिकवणाऱ्या बाई शांतपणे म्हणाल्या, “ती पळून जाणार नाहीये.”

गचका का बसतो ते एकदा समजलं की भीती निम्मी होते. पटाशीच्या धारेमागे घासून केलेली उतरती बाजू असते, ती बेव्हल. ही बेव्हल फिरत्या लाकडावर टेकलेली असेल तर धारेला आधार असतो आणि ती ठरलेल्या खोलीपलीकडे जाऊ शकत नाही. बेव्हल सुटली आणि नुसती धार लाकडाला लागली की लाकूड तिला स्वतःकडे ओढतं. जितकी आत जाईल तितकं जास्त ओढतं. हे सगळं डोळ्याची पापणी लवायच्या आत होतं, त्यामुळे हाताचा जोर तिथे कामाला येत नाही.

म्हणून क्रम असा ठेवायचा. आधी पटाशी टूलरेस्टवर, म्हणजे लाकडासमोरच्या हत्यार टेकवायच्या पट्टीवर, टेकवा, लाकडाला लागू देऊ नका. मग बेव्हल लाकडावर टेकवा. या वेळी ती नुसती घासत राहील, काही कापणार नाही, आणि तेच हवंय. आता मागची मूठ अगदी हळू वर उचला. एका क्षणी धारेखालून बारीक छिलका निघायला लागेल. तिथेच थांबा. तोच तुमचा काप. आमच्याकडे येणारे जवळपास सगळे उलट्या क्रमाने जातात. आधी धार लाकडाला लावतात आणि नंतर बेव्हल शोधत बसतात.

दुसरी गोष्ट टूलरेस्टची. लाकूड बारीक होत जातं आणि रेस्ट आहे तिथेच राहते, त्यामुळे मधलं अंतर वाढत जातं. साधा हिशोब करा. धार रेस्टच्या पुढे ४ सेंटिमीटर आणि मागचा हात ४० सेंटिमीटरवर असेल, तर लाकडापेक्षा दहापट फायदा तुमच्या बाजूला आहे. तेच पुढचं अंतर १० सेंटिमीटर झालं की फायदा चौपटीवर येतो. दर थोड्या वेळाने मशीन बंद करून रेस्ट जवळ आणा, ५ मिलिमीटरच्या आसपास. आणि हो, मशीन बंद करूनच. चालू लेथवर रेस्ट सरकवणारे शूर लोक मी पाहिलेत, त्यांची बोटंही पाहिलीत.

तिरकी पटाशी, म्हणजे स्क्यू, वापरत असाल तर सपाट कातताना धारेचा खालचा अर्धा भागच लाकडाला लागू द्या. वरचं लांब टोक लागलं की गचका ठरलेलाच.

छातीची धडधड राहिली. आठवडाभर लेथ विजेवर लावूच नका. शेजारच्याला डाव्या हाताने चक, म्हणजे लाकूड पकडणारा जबडा, फिरवायला सांगा आणि तुम्ही पटाशी धरा. हाताने फिरणाऱ्या लाकडावरही छिलका निघतो. तिथे गचका बसला तर नुसतं ‘टक्’ होतं आणि लाकूड थांबतं. नेमकं कुठे चुकलं ते तेव्हा डोळ्यांनी दिसतं.

प्रश्न : सुरुवातीला कुठली हत्यारं घ्यावीत? आठ नगांचा संच पाहिलाय. (संगणक क्षेत्रात नोकरी, वय ३४)

संच घेऊ नका. त्यातली पाच हत्यारं कपाटात गंजतील. लांबट कामासाठी खडबडीत लाकूड गोल करायची रुंद पटाशी, एक बारीक गोल पटाशी, तुकडा कापून वेगळा करायचं एक पार्टिंग टूल आणि वाडगे करायचे असतील तर एक बाऊल गाऊज, म्हणजे वाडग्याची खोलगट पटाशी. बस. ती रुंद पटाशी वाडग्यावर कधीही चालवायची नाही. तिचा मुठीत शिरणारा दांडा चपटा आणि बारीक असतो, वाडग्याच्या गचक्यात तो तुटून उडतो.

हाय स्पीड स्टील घ्या. साधं कार्बन स्टील ग्राइंडरवर तापून निळं पडलं की तेवढी धार मेली, ती मऊ झालेली असते. हाय स्पीड स्टीलला तेवढ्याने फरक पडत नाही. मात्र तापलं म्हणून ते पाण्यात बुडवू नका, धारेला सूक्ष्म तडे जातात.

पण त्याआधी धार लावायला शिका. हा सल्ला कुणालाच आवडत नाही. सार्वजनिक कार्यशाळेत तर हा जुनाच आजार आहे. दहा माणसं एक पटाशी दहा कोनांत घासतात आणि वर्षभरात ती पेन्सिलीएवढी उरते. आम्ही ग्राइंडरशेजारी दोन लाकडी ठोकळे खिळून ठेवलेत. एक ४५ अंशांचा, दुसरा ५५ चा. पटाशी ठोकळ्याला लावायची, जिग, म्हणजे तिला ठरल्या कोनात धरणारी पकड, त्यावर आवळायचा आणि घासायचं. कोन ठरवायची मुभा कुणालाच नाही, मलासुद्धा.

प्रश्न : कार्यशाळेतून मिळालेल्या ओंडक्याचा सुंदर वाडगा केला. घरी नेल्यावर चार दिवसांत तो लंबगोल झाला आणि सहाव्या दिवशी काठापासून चिरला. मला वाईट लाकूड दिलं गेलं असं वाटतं. (गृहिणी, वय ५२)

लाकडाला दोष देऊ नका, ते ओलं होतं इतकंच. ओलं लाकूड कातायला फार सुखाचं असतं. लांबच लांब छिलके निघतात, कधी कधी चेहऱ्यावर पाण्याचे थेंबही उडतात, आणि नवशिक्याला वाटतं आपल्याला जमलं!

लाकडातलं पाणी दोन ठिकाणी असतं, पेशींच्या पोकळीत आणि पेशींच्या भिंतीत. पोकळीतलं पाणी आधी जातं, तोवर आकार बदलत नाही. ओलावा साधारण ३० टक्क्यांच्या खाली गेला की भिंतीतलं पाणी सुटू लागतं आणि लाकूड आकसतं. ते सगळीकडून सारखं आकसलं असतं तर तुमचा वाडगा नुसता लहान झाला असता. पण वाढीच्या वलयांच्या कडेकडेने ते जितकं आकसतं त्याच्या जेमतेम निम्मं केंद्रातून बाहेरच्या दिशेने, आणि उभ्या तंतूंच्या लांबीत जवळजवळ नाहीच. म्हणून गोल होता तो लंबगोल झाला. चीर पडली ती ओंडक्याचा गाभा, म्हणजे मधला ठिपका, वाडग्यात राहिल्यामुळे असण्याची शक्यता मोठी. तुमचा चिरलेला तुकडा पाहा, चीर त्या ठिपक्याकडे जातेय का? ओंडका उभा फाडताना गाभा काढून टाकायलाच हवा. हे तुम्हाला देणाऱ्याने सांगायला हवं होतं, तेवढी तुमची तक्रार मला मान्य आहे.

पुढच्या वेळी वाडगा दोनदा काता. ओला असताना भिंत जाड ठेवायची, व्यासाच्या दहाव्या भागाएवढी. ३० सेंटिमीटरचा वाडगा असेल तर ३ सेंटिमीटर. जिथे तंतूंची कापलेली टोकं दिसतात तिथे मेण चोपडा, कागदी पिशवीत घालून सावलीत ठेवा आणि वर तारीख व वजन लिहा. दर आठवड्याला वजन करा. वजन घटायचं थांबलं की वाडगा सुकला. याला काही महिने लागतात. मग वेडावाकडा झालेला तो वाडगा पुन्हा लेथवर चढवून गोल करायचा. त्यासाठीच ती जाडी ठेवलेली असते.

किंवा दुसरा मार्ग आहे. ओल्यातच एकसारखा पातळ काता, ५ मिलिमीटरच्या आत, आणि त्याला हवा तसा वाकू द्या. पातळ भिंत चिरण्याऐवजी वाकते. माझ्याकडचा सगळ्यांना आवडणारा वाडगा असाच आहे, टेबलावर ठेवला की किंचित डुलतो.

प्रश्न : मी सोळा वर्षांचा आहे. काका, लाकडाच्या तुसांनी हात भरतात तरी हातमोजे घालू देत नाहीत. उलट तोंडावर ती मोठी काच घालायला लावतात, तिच्यातून नीट दिसत नाही. हे नियम कशासाठी? (शाळकरी विद्यार्थी)

नियम का, असं विचारलंस ते बरं केलंस. नुसतं ‘हो’ म्हणणारी मुलं पाठ वळली की तेच करतात.

हातमोज्याचा एक धागा फिरत्या लाकडात अडकला की धागा तुटत नाही, तो हाताला आत घेऊन जातो. उघडं बोट लागलं तर बहुधा नुसतं खरचटतं. हाच न्याय लांब बाह्या, अंगठी, गळ्यातली साखळी, ओढणी, मोकळे केस आणि कानातल्या हेडफोनच्या वायरला. तुसं चिमट्याने काढता येतात.

आता काच. ३० सेंटिमीटर व्यासाचा वाडगा मिनिटाला १००० फेऱ्यांनी फिरत असेल तर त्याचा काठ ताशी ५६-५७ किलोमीटर वेगाने जात असतो. गणित करून बघ, परिघ गुणिले फेरे. त्या वेगाने सुटलेला तुकडा चेहऱ्यावर आला तर? नुसता चष्मा फक्त डोळे झाकतो. काच धूसर झाली असेल तर बदलून माग, तो तुझा हक्क आहे.

वेगाचा एक जुना ठोकताळा आहे. व्यास इंचात घे आणि त्याला फेऱ्यांनी गुण. उत्तर ६००० ते ९००० च्या मध्ये यायला हवं. म्हणजे १२ इंची वाडग्याला ५०० ते ७५० फेरे. तेसुद्धा लाकूड गोल झाल्यावर. ओबडधोबड असताना त्याहूनही कमी.

हे मी कसं शिकलो ते सांगतो. एका संध्याकाळी मी मोठा ओला ठोकळा चढवला आणि बटण दाबलं. माझ्याआधी कुणीतरी पेनं कातली होती, लेथ मिनिटाला ३००० फेऱ्यांवर सोडला होता. ठोकळा दोन सेकंद लेथवर राहिला. मग छताला लागून मागच्या भिंतीवर आदळला. मी बाजूला उभा होतो, ते शहाणपण म्हणून नाही, चष्मा पुसत होतो म्हणून. छताला अजून खड्डा आहे आणि आम्ही तो मुद्दाम बुजवलेला नाही. सोडून गेलेल्याची चूक होतीच, पण न बघता बटण दाबणारा मीच. तेव्हापासून आमच्याकडे दोन्ही नियम आहेत. जाताना वेग सगळ्यात कमी करून जायचं, आणि आल्यावर तो कमी केलेला नाही असंच धरून चालायचं. मग लाकूड हाताने एक पूर्ण फेरा फिरवायचं, कुठे अडत नाही ना बघायचं, चकची किल्ली काढायची, लाकडाच्या रेषेतून बाजूला व्हायचं आणि मग बटण.

प्रश्न : मास्क खरंच लागतो का? आणि शेवटी कुठलं तेल लावावं? (दोन वेगवेगळी पत्रं)

लागतो. लाकडाची धूळ माणसाला कर्करोग करू शकते असं जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ मध्येच नोंदवलंय, पुरावा सगळ्यात पक्का असलेल्या गटात. छिलक्यांपासून त्रास कमी, पॉलिश पेपर मारताना उडणारी पिठासारखी धूळ वाईट. ती डोळ्यांना दिसेनाशी झाल्यावरही बराच वेळ हवेत असते. म्हणून काम संपलं की लगेच मास्क काढू नका. शिसवीसारख्या काही लाकडांनी कातडीवर पुरळ येतं, तसं होत असेल तर लाकूड बदला. चांगली धार असेल तर पॉलिश पेपर कमी लागतो, म्हणजे पुन्हा ग्राइंडरपाशीच आलो.

तेलात जवसाचं चांगलं, पण सुकायला वेळ लागतो. त्याचे बोळे चुरगळून कचऱ्यात टाकू नका. जवसाचं तेल सुकताना उष्णता बाहेर टाकतं आणि चुरगळलेल्या कापडात ती कोंडून ते आपोआप पेटू शकतं. बोळा उलगडून बाहेर एकेरी वाळत घाला, किंवा पाण्यात बुडवून झाकणाच्या डब्यात ठेवा. आणि फिरत्या लाकडावर कापडाने पॉलिश मुळीच नको, कागदाचा रुमाल घ्या. तो अडकला तर फाटतो.

प्रश्न : आमच्या कार्यशाळेत शिकवायची जबाबदारी माझ्यावर आली आहे. दोन लेथ, आठ विद्यार्थी, आठवड्याला अडीच तास. सगळ्यांना पहिल्याच दिवशी वाडगा हवा असतो. सहा जण नुसते उभे राहतात, कंटाळतात, येईनासे होतात. (फर्निचर कारागीर, वय ४०)

तुमचं पत्र वाचून मला माझं पहिलं वर्ष आठवलं. आठातले तीन टिकले होते.

उभे राहणारे सहा ही अडचण आहे असं आपण धरून चालतो. इजिप्तमध्ये पेटोसिरिसच्या थडग्यात, इसवीसनापूर्वी सुमारे ३०० च्या काळातल्या, भिंतीवर लेथचं कोरीव चित्र आहे. त्यात दोन माणसं आहेत, एक दोरी ओढून लाकूड फिरवतोय आणि दुसरा हत्यार धरून कातोय. मोटर आल्यावर दोरी ओढणारा गेला, आणि त्याच्याबरोबर जवळून बघणारा, ऐकणाराही गेला. मी त्याला परत आणला. आमच्याकडे पहिल्या संध्याकाळी लेथची वायरच काढलेली असते. जोड्या लावतो. एक फिरवतो, एक धरतो. बेव्हलवर काळ्या मार्करने रंग फासायचा, लाकडावर टेकवायची, दोन फेरे झाले की उचलून बघायची. रंग टाचेकडे, म्हणजे बेव्हलच्या मागच्या कडेला, गेला असेल तर मूठ खाली आहे, धारेपाशी गेला असेल तर मूठ वर. माझ्या दहा वाक्यांपेक्षा तो पुसलेला रंग जास्त सांगतो.

दुसऱ्या संध्याकाळी वीज. कातणारा एक, बाकीचे त्याच्याकडे पाठ करून उभे. हो, पाठ करून. काप बरोबर असेल तर ‘सर्रर्र’ असा सलग आवाज येतो, रेशीम फाडल्यासारखा. बेव्हल सुटून नुसती धार खरवडत असेल तर कोरडी खरखर. लाकूड सैल झालं असेल तर ‘टकटक’. आवाज बदलला की हात वर करायचा. तीन-चार आठवड्यांत असं होतं की गचका बसायच्या आधीच मागचे दोघं-तिघं हात वर करतात. कातणाऱ्याला अजून पत्ता नसतो! आता कंटाळा कुणाला येणार?

काय करायला द्यायचं? पाच सेंटिमीटर जाड, वीतभर लांब मऊ लाकूड. त्यावर मणी आणि खळगे, म्हणजे फुगीर आणि खोलगट वळसे, शेजारी शेजारी. दहा मणी झाले की सगळे कातून सपाट करा आणि पुन्हा दहा. लाकूड पेन्सिलीएवढं होईपर्यंत. पण माणसाला घरी काहीतरी न्यायचंच असतं, ते नाकारू नका. आम्ही दुसऱ्या-तिसऱ्या वेळी कानशीची मूठ करायला देतो. ती वापरात येते, आणि मूठ चांगली झाली की वाईट ते ठरवायला मास्तर लागत नाही, तळहात सांगतो.

तंतूंची दिशा समजावताना मला फार त्रास व्हायचा. लांबट कामात जाडाकडून बारीककडे कातायचं. वाडग्याच्या बाहेरून मात्र बुडाकडून काठाकडे, आणि आतून काठाकडून बुडाकडे. मी फळ्यावर बाण काढायचो आणि सगळे माना डोलवायचे. एकदा वर्गातल्या शिवणकाम करणाऱ्या बाई म्हणाल्या, “म्हणजे प्रत्येक तंतूच्या मागे दुसरा तंतू उभा असला पाहिजे, एवढंच ना? उघडा काठ कापला की धागे निघतात तसं.” मी फळा पुसला. तेव्हापासून त्यांचंच वाक्य वापरतो.

वाडगा सहाव्या-सातव्या वेळी. पहिला झाला की तो बँडसॉवर, म्हणजे फिरत्या पट्टीच्या करवतीवर, उभा मधोमध कापायचा. भिंत कुठे जाड, कुठे पातळ, बुडाशी कुठे ढेकूळ राहिलंय, ते कापल्याशिवाय कळत नाही. रडारड होते. मी आधी माझाच कापतो, मग तेवढी होत नाही.

बारीक गोष्टींपैकी एकच सांगतो, कारण ती कुणी बघत नाही. लेथचा मध्य कातणाऱ्याच्या कोपराच्या उंचीला हवा. लेथ सगळ्यांसाठी एकच, माणसं वेगवेगळी. ५ आणि १० सेंटिमीटर उंचीचे लाकडी पाट करून ठेवा. खांदे उचलून कातणाऱ्याला तुम्ही कितीही ‘सैल सोडा’ म्हणालात तरी तो सैल कसा सोडणार?

आणि विद्यार्थ्याच्या हातातल्या हत्याराला आपण हात लावायचा नाही. गचका बसणार असं दिसलं तर बटण बंद करा, हत्यार घेऊ नका. याबद्दल पुढच्या पत्रात.

प्रश्न : मी गेले चार महिने एका कार्यशाळेत जाते. हात धीमा आहे, पण जमतंय. अडचण अशी, की मी पटाशी टेकवली रे टेकवली की कुणीतरी जवळ येतं. “द्या इकडे, दाखवतो” म्हणतं आणि पटाशी घेऊन माझंच काम पुरं करून देतं. हेतू चांगला असतो. पण घरी गेल्यावर त्या वस्तूकडे बघावंसं वाटत नाही. मी जास्त हळवी आहे का? (ग्रंथपाल, वय ४५)

नाही. आणि तुम्हाला उत्तर देणारा माणूस स्वतः तो गुन्हा केलेला आहे हे आधी सांगून टाकतो.

दुसऱ्या-तिसऱ्या वर्षीची गोष्ट. एक मुलगी दिव्याचा दांडा कातत होती. तिने अर्ध्यापर्यंत सुरेख आणला होता. पुढे एक अवघड मणी होता, दोन खळग्यांच्या मध्ये अडकलेला. तिचा हात थांबला. ती विचार करत होती हे मला आज कळतं. तेव्हा वाटलं, घाबरली. मी म्हटलं, “आण इकडे,” आणि पाच मिनिटांत मणी, पुढचे दोन खळगे, मान, सगळं काढून दिलं. वर दोन-चार जणांनी वाहवा केली. तिने दांडा कापून घेतला, तेल लावलं, कागदात गुंडाळला आणि निघताना माझ्या टेबलावर ठेवला. म्हणाली, “सर, हा तुमचा आहे.” रागाने नाही म्हणाली. दुसऱ्याची राहिलेली छत्री परत द्यावी तशी.

पुढच्या आठवड्यात ती आली, तसाच दुसरा चौकोनी तुकडा चढवला आणि तोच दांडा पहिल्यापासून सुरू केला. मी माझे दोन्ही हात एप्रनच्या खिशात घातले. मणी आला. ती थांबली. बराच वेळ थांबली. खिशातल्या खिशात माझी बोटं पटाशी फिरवत होती! तिने मशीन बंद केलं, रेस्ट जवळ घेतली, मग मणी काढला. एका बाजूने किंचित चपटा होता. तो दांडा ती घरी घेऊन गेली.

तुम्ही काय करायचं, तर पटाशी सोडायची नाही. कुणी हात पुढे केला की मशीन बंद करा, पटाशी दोन्ही हातांनी धरून ठेवा आणि म्हणा, “तोंडाने सांगा, करते मी.” ज्याला खरंच येतं तो सांगू शकेल. ज्याला सांगता येत नाही, त्याचा हात बसलाय पण तो हात काय करतो हे त्यालाच ठाऊक नाही, आणि अशा माणसाला तुमच्यामुळे विचार करावा लागला तर त्याचंही भलंच होईल. दाखवायचंच असेल तर त्याने स्वतःचं वेगळं लाकूड चढवावं. आमच्याकडे त्यासाठी भंगार तुकड्यांची पेटी लेथच्या खालीच ठेवली आहे. कार्यशाळा चालवणाऱ्यांनाही हे एकदा बोलून दाखवा. पाच जणांसमोर नको, चहाच्या वेळेला. त्यांच्या लक्षात आलेलं नसण्याची शक्यता जास्त आहे, माझ्या कुठे आलं होतं?

तो पहिला दांडा अजून माझ्याकडे आहे, ग्राइंडरच्या वरच्या फळीवर. तिचा भाग कुठे संपतो आणि माझा कुठे सुरू होतो ते नुसतं बघून कळत नाही. बोट फिरवलं तर कळतं. तिचा जास्त गुळगुळीत आहे.